पैसे पोचले का?

कोकणाला एके काळी मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणत. म्हणण्यात हेटाळणी होती, पण गोष्ट खरी होती. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या घरटी एक तरी माणूस मुंबईच्या गिरणीत, गोदीत नाहीतर कुठल्याशा हपिसात शिपाई म्हणून असायचा. पगाराचा आठवडा आला की गावाकडच्या बायका पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायच्या. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. आजोबा लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गावकऱ्यांच्या गाळ्यात राहायचे, खानावळीत जेवायचे आणि पगार हातात पडला की आधी पोस्टाच्या रांगेत जाऊन उभे राहायचे.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी चार बोटं जागा असे. आजोबा सांगायचे आणि गाळ्यातला एखादा शिकलेला लिहायचा. गाय व्याली का, पावसाआधी घर शाकारलं का, धाकट्याचा खोकला गेला का, सगळं त्या चार बोटांत. पण फॉर्मचा आणखी एक तुकडा होता, तो मला जास्त मोलाचा वाटतो. पैसे घेतल्यावर आजी ज्यावर अंगठा उठवायची ती पोचपावती. ती टपालाने उलट मुंबईला यायची. आजोबा त्या पावत्या तारेत ओवून खुंटीला लटकवून ठेवत. त्यातल्या थोड्या आमच्या घरी अजून आहेत. जांभळ्या शाईतला अंगठा, कुठे फाकलेला, कुठे अर्धाच उठलेला. आजोबांची अक्षरओळख बेताची, पण तो अंगठा बघितला की त्यांना कळायचं की पैसे तिच्याच हातात पडले. दिराच्या नाही, सासऱ्याच्या नाही, तिच्या.

शेवटच्या काळात या सोयीला वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन पडायचं. म्हणजे शंभराला पाच. तरीही माणसं मनीऑर्डरच करत, कारण दुसरा मार्ग म्हणजे गावाला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाकीट देणं, आणि त्या वाटेला पोचपावती नव्हती. जाणारा माणूस सज्जन असला तरी पाकीट पोचलं की नाही हे कळायला पुढचा जाणारा-येणारा भेटावा लागे. २०१५ मध्ये टपाल खात्याने जुन्या पद्धतीची मनीऑर्डर बंद केली. तोवर तिची गरज बरीचशी सरली होती.

लोक मोबाईलवरून पैसे द्यायला-घ्यायला का लागले, यावर हल्ली पुष्कळ बोललं जातं. स्वस्त झालेला डेटा, गावोगाव पोचलेले स्मार्टफोन, सरकारचा रेटा, कॅशबॅकचं आमिष. सगळी कारणं खरी आहेत. तरी मला वाटतं की या सगळ्यांच्या तळाशी आजोबांची ती तारेतली पावती आहे. माणूस पैसे पाठवण्याचा एखादा मार्ग धरतो तो आपल्या माणसाची गरज पडली म्हणून. आणि तो मार्ग सोडत नाही, कारण पलीकडे पैसे पोचल्याचं त्याला लगेच आणि खात्रीने कळतं. बाकीची कारणं माणसाला दारापर्यंत आणतात. आत राहायचं की नाही, हे ही दोन ठरवतात.

याचा मोठा दाखला आपल्याकडचा नाही, केनियातला आहे. तिथे २००५ मध्ये नैरोबी आणि थिका भागात एक लहानसा प्रयोग सुरू झाला. बचतगटासारख्या गटांतून छोटी कर्जं घेणाऱ्या लोकांना हप्ते मोबाईलवरून भरता यावेत, एवढाच त्याचा हेतू. लोकांनी हप्ते भरलेच, पण त्याचबरोबर ते त्या सोयीचा भलताच उपयोग करू लागले. प्रवासाला निघताना रोकड जवळ नको म्हणून इथे फोनवर भरायची आणि तिथे उतरून काढून घ्यायची. रात्री दुकानात गल्ला ठेवण्यापेक्षा फोनवर ठेवायचा. एकमेकांना पाठवायचे. योजना आखणाऱ्यांनी हे नीट पाहिलं, हे त्यांचं शहाणपण. मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या कंपनीने हीच सोय एम-पेसा या नावाने देशभर आणली तेव्हा कर्जाचे हप्ते मागे पडले होते. जाहिरातीत एकच गोष्ट होती, घरी पैसे पाठवा.

त्याआधी नैरोबीत राबणारा माणूस गावाकडे पैसे कसे पाठवायचा? बसच्या ड्रायव्हरच्या हाती, नाहीतर गावाला निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हाती. लालबागच्या गाळ्यात नि नैरोबीच्या वस्तीत काय फरक होता मग? एम-पेसाला स्मार्टफोन लागत नव्हता, बँकेत खातंही लागत नव्हतं. साधा बटणांचा फोन, कोपऱ्यावरच्या दुकानात बसलेला, रोकड घेणारा-देणारा एजंट, आणि पैसे गेले की दोन्हीकडे एक संदेश. पाठवणाऱ्याच्या संदेशात घेणाऱ्याचं नाव. २००७ च्या अखेरीस निवडणुकीनंतर तिथे दंगली उसळल्या, दुकानं-रस्ते बंद झाले. तेव्हा अडकून पडलेल्या नातेवाइकांना लोकांनी याच वाटेने पैसे पाठवले. अशा दिवसांत जो मार्ग उपयोगी पडतो त्याची जाहिरात करावी लागत नाही.

विल्यम जॅक आणि तवनीत सुरी या अर्थशास्त्रज्ञांनी केनियातल्या घरांचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्यांना दिसलं ते असं. घरात आजारपण आलं, पीक बुडालं, तर एम-पेसा न वापरणाऱ्या घरांचा खर्च सुमारे ७ टक्क्यांनी खाली यायचा. म्हणजे पोटाला चिमटा. वापरणाऱ्या घरांत तो खाली येत नव्हता, कारण अडचणीत लांबलांबून, जास्त माणसांकडून पैसे येऊन पोचत. अर्थशास्त्राच्या भाषेत याला जोखीम वाटून घेणं म्हणतात. आपल्याकडे भाऊबंदकीतलं चांगलं जे काही आहे ते हेच, आणि ते वेळेवर पोचायला वाट लागते.

आपल्याकडे व्होडाफोनने २०१३ मध्ये एम-पेसा आणलं होतं. ते फारसं रुजलं नाही आणि २०१९ मध्ये बंद झालं. माझ्या मते कारण सोपं आहे. २०१४ पासून जनधनची खाती कोटींनी उघडली गेली होती, आणि एप्रिल २०१६ मध्ये भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, यूपीआय सुरू केल्यावर त्याच खात्यातला पैसा सरळ दुसऱ्याच्या खात्यात जाऊ लागला. मध्ये एम-पेसासारखं फोनमधलं वेगळं पाकीट भरायची गरजच उरली नाही.

मग नोटबंदी आली. ८ नोव्हेंबर २०१६. आज कुणालाही विचारा, तो म्हणेल की फोनवरचे पैसे नोटबंदीने आले. हे मला पटत नाही. त्या हिवाळ्यात लोकांनी नाइलाजाने वापरून पाहिलं, आणि नोटा परत हातात आल्यावर त्यातले कितीतरी जण नोटांकडे वळले. यूपीआयचे व्यवहार महिन्याला १०० कोटींवर गेले ते ऑक्टोबर २०१९ मध्ये, नोटबंदीनंतर जवळजवळ तीन वर्षांनी. महिन्याला १,००० कोटी ऑगस्ट २०२३ मध्ये, आणि २,००० कोटी ऑगस्ट २०२५ मध्ये. रेट्याने एकदा वापर होतो. वर्षागणिक असा चढ राहायला माणसाला रोजचं काहीतरी मिळावं लागतं.

ते रोजचं काय, हे ज्यांनी सुट्ट्या पैशांचे हाल सोसलेत त्यांना वेगळं सांगायला नको. किराणावाला दोन रुपयांऐवजी चॉकलेट पुढे करायचा. एसटीत कंडक्टर तिकिटाच्या मागे उरलेली रक्कम लिहून द्यायचा आणि उतरताना घ्या म्हणायचा. देवरुखला उतरायच्या गडबडीत ते तिकीट खिशातच राहायचं आणि अकरा रुपये महामंडळाला अर्पण. रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून होणारी हुज्जत तर शहरात रोजचीच. फोनवर अठ्ठावीस रुपये म्हणजे अठ्ठावीसच. मोठ्या रकमांसाठी चेक होते, कार्डं होती. दहा रुपयांच्या कोथिंबिरीच्या जुडीसाठी काहीच नव्हतं. तिथे यूपीआय बसलं.

आणि ते बसू शकलं याचं एक कारण फार कमी बोललं जातं. कार्डाच्या मशीनवर दुकानदाराचे शेकड्यामागे एक-दोन रुपये कापले जायचे. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला असं काही भरावं लागत नाही. दहा रुपयांच्या जुडीतून वीस पैसे कापले जात असते तर एकाही भाजीवालीने तो क्यूआरचा कागद टोपलीपुढे ठेवू दिला नसता. ही सोय चालवायला खर्च येतो आणि तो सरकार आणि बँका आज सोसतात. पुढेमागे कुणी तो छोट्या विक्रेत्यांच्या माथी मारायचं ठरवलं तर सगळं उलटं फिरायला वेळ लागणार नाही, हे आताच सांगून ठेवावंसं वाटतं.

गावाकडची गत थोडी निराळी. आमच्या वाडीत रेंज मिळते ती सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर. घरात फोन दाखवायला असतो, बोलायला सड्यावर जायचं. काकीने स्मार्टफोन घेतला तो नातवाचं तोंड बघायला. पैशांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मुंबईहून मुलगा महिन्याचे पैसे तिच्या खात्यात टाकायचा आणि ती तालुक्याला जाऊन काढायची. जायला एक एसटी, यायला एक, मध्ये दिवस मोडला. मग गावातल्या दुकानदाराने क्यूआर लावला. त्यानंतर काकीला तालुक्याला जायचं कारण उरलं नाही. शिकवलं कुणी? बँकेने नाही, कुठल्या शिबिराने नाही. शेजारच्या बारावीतल्या मुलीने. पहिल्या वेळी काकीने दुकानातून लेकाला दहा रुपये उलटे पाठवले आणि लगेच फोन लावला, "पोचले काय रे?" तो म्हणाला, "पोचले." त्यानंतर तिने तेल आणि साबण घेतला.

मला यात नवल वाटलं नाही. ज्याला त्याला तो दहा रुपयांचा पहिला व्यवहार आपल्या माणसाशीच करून बघायचा असतो. आता गणपतीची वर्गणी, देवळाच्या जीर्णोद्धाराचे पैसे, पुतणीच्या लग्नातला आहेर सगळं त्याच वाटेने येतं. आहेर मात्र अजून १०१ किंवा ५०१. वरचा रुपया फोनमधूनही सुटत नाही, आणि सुटूही नये.

आता डोंबिवलीच्या बाजाराकडे येते, कारण मला जे सांगायचंय त्यातला अवघड भाग तिथे आहे.

स्टेशनबाहेर कर्जतकडून पहाटेच्या गाडीने येणाऱ्या बायका बसतात. पालेभाज्या, लिंबं, पावसाळ्यात शेवळं, टाकळा, कुर्डू. त्यातल्या एका मावशींकडून मी कित्येक वर्षं भाजी घेते. सुरुवातीला त्या फोनवरचे पैसे साफ नाकारायच्या, आणि बरोबर करायच्या. गिऱ्हाईक फोनचा पडदा समोर धरून म्हणायचं, "हे बघा, झाले." मावशींना वाचता येत नाही. हात पाण्याने आणि मातीने भरलेले. समोर चार गिऱ्हाइकं. पडद्यावर हिरवी खूण दाखवणारी खोटी ॲपसुद्धा निघाली होती. कुणाच्या भरवशावर जुडी द्यायची त्यांनी?

मग ती बोलणारी डबी आली. पाटीच्या कडेला ठेवलेली, आत स्वतःचं सिम असलेली, आणि पैसे जमा झाले की मराठीत मोठ्यांदा सांगणारी. मावशींनी वर न बघता "झाले" म्हणायचं आणि पुढची जुडी बांधायची. बाजाराच्या गलक्यातसुद्धा त्यांचा कान त्या आवाजाला लागलेला असतो. शेजारणीची डबी कुठली आणि आपली कुठली हे त्यांना अचूक कळतं. एकदा एका गिऱ्हाइकाने पैसे दिले म्हणून सांगितलं आणि डबी बोलली नाही. मावशींनी नुसती जुडी मागे घेतली. भांडण नाही, शब्द नाही. मिनिटाने डबी बोलली, जुडी पुढे गेली. एवढ्या सगळ्या तंत्रज्ञानात मला सगळ्यात मोठी गोष्ट कुठली वाटत असेल तर ही. ज्या बाईला वाचता येत नाही तिच्या कानात पोचपावती पडते.

पण पैसे कुणाला पोचले?

एकदा बाजार उठताना मी सहज विचारलं, "मावशी, आज धंदा बरा झाला ना?" कमरेच्या पिशवीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "हे इतकं माझं. डबीतलं लेकाला ठाऊक."

क्यूआर लेकाच्या नावाचा होता. खातं त्याचं, फोन त्याचा. लेक वाईट नाही, तो घर चालवतो, आईला हवं ते देतो. तरी दिवसभर राबून विकलेल्या भाजीतले निम्म्याहून जास्त पैसे मावशींच्या हातात येतच नव्हते. दुसऱ्या पहाटे शेजारपाजारच्या मळ्यांतून माल उचलायला रोकड लागते, ती त्यांना आता संध्याकाळी मागावी लागायची. पूर्वी कमरेची पिशवी त्यांची होती. तिच्यात किती आहे हे त्या सांगतील तेवढंच घरी कळायचं. त्यातून नातीच्या वहीचे पैसे निघायचे, भिशी भरली जायची, अडल्या शेजारणीला शे-दोनशे उसने दिले जायचे. डब्यात, उतरंडीत, लुगड्याच्या घडीत बायकांनी जपलेला पैसा हा आपल्या घरांचा केवढा आधार आहे! तो डबा फोनमध्ये गेला आणि फोन दुसऱ्याच्या खिशात असला, तर तिच्यासाठी ही सोय झाली की गैरसोय?

म्हणून केनियाच्या त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१६ मध्ये त्याच दोघांनी मांडलं की एम-पेसामुळे सुमारे १,९४,००० घरं आत्यंतिक गरिबीतून वर आली, म्हणजे देशातली २ टक्के घरं. आणि हा फरक बाई कुटुंबप्रमुख असलेल्या घरांत जास्त ठळक होता. जवळजवळ १,८५,००० बायका शेतीतून छोट्या धंद्याकडे वळल्या. पैसा तिच्या नावावर, तिच्या फोनवर, तिच्या पिनमागे राहिला की ती त्याचं काहीतरी उभं करते.

आपल्याकडचे हिशोब मोजताना व्यवहार मोजले जातात. कागदावर मावशी रोज यूपीआय वापरतात. खरं तर त्यांच्या टोपलीवर लेक यूपीआय वापरतो.

भरवसा मोडायलाही फार काही लागत नाही. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये काही तास यूपीआय बंद पडलं तेव्हा हॉटेलांत, पंपांवर माणसं ताटकळली, पण दुसऱ्या दिवशी विसरून गेली. फसवणूक मात्र विसरत नाहीत. फोनवर पैशांची मागणी पाठवून "पैसे मिळवायला पिन टाका" म्हणत गंडा घालणाऱ्यांनी किती म्हाताऱ्या माणसांना कायमचं या वाटेवरून मागे फिरवलं असेल! ऑक्टोबर २०२५ पासून एनपीसीआयने माणसाने माणसाकडे अशी मागणी पाठवायची सोयच बंद केली, हे चांगलं झालं. आणखी आधी व्हायला हवं होतं. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत वेगळंच घडलं. यूपीआयवरची उलाढाल बघून कर खात्याने छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या, आणि काही दिवसांत दुकानांवरचे क्यूआर निघून तिथे "फक्त रोख" असे कागद लागले. इतकी वर्षं लावलेली सवय लोकांनी एका आठवड्यात काढून ठेवली. त्यांना पोच हवी होती, पण ती फक्त आपल्यापुरती.

मावशींचं खातं होतं, जनधनचंच. पण त्याला जोडलेला नंबर त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचा, आणि तो कधीचाच दुसऱ्या कुणाला दिला गेलेला. नंबर बदलायला बँकेत जायचं तर बँक उघडते तेव्हा बाजार तापलेला असतो. एक दिवस बुडवला तर त्या दिवसाचे पैसे गेले. केवायसीचा फॉर्म, आधारवरची जन्मतारीख, अंगठ्याच्या यंत्राला न उमटणारे कामाने झिजलेले ठसे. यंत्र पुन्हा पुन्हा नाही म्हणत होतं आणि मावशी पदराला बोट पुसून पुन्हा ठेवत होत्या. शाईवर आजीचा अर्धाच उठलेला अंगठा पोस्टमनने चालवून घेतला होता. हे यंत्र चालवून घेत नाही. शेवटी काउंटरवरच्या एका तरुण मुलीने डोळ्यांवरून ओळख पटवायचं दुसरं यंत्र आतून आणलं आणि काम झालं. तिला मी मनापासून दुवा दिला.

बँकेने मावशींच्या नावाचा क्यूआर दिला. त्याला डबी नाही. पैसे आले की त्यांच्या बटणांच्या फोनवर संदेश येतो, आणि तो आवाज त्या आता ओळखतात. लेकाशी वाद नको म्हणून त्याचा कागद त्यांनी काढला नाही. पुठ्ठ्याच्या एका बाजूला त्याचा आहे, दुसऱ्या बाजूला त्यांचा. सकाळी दुसऱ्या दिवसाच्या मालाचे आणि भिशीचे जमेपर्यंत आपली बाजू वर, मग पुठ्ठा उलटा. मी उशिरा गेले आणि फोन काढला की त्या हात थांबवून पुठ्ठा परत फिरवतात. "त्या नको, बाय. ह्या बाजूवर मार, हा माझा."